आठ महिन्यांचा टायफॉइड

(नाशिकमध्ये वैद्यकीय, फार्मसी आणि नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतोय. समोर बसलेल्या तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा औषधांची नावं जास्त पाठ असतील. मग मी इथे कशाला उभा आहे? कारण माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि ती आम्ही आठ महिने लपवली. ज्याच्या बाबतीत ती घडली, त्यानेच मला सांगितलं, "माझं नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग." म्हणून आलोय.

नाशिकमध्ये ड्रग्ज हा शब्द उच्चारला की लोकांना शिंदे गाव आठवतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तिथला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला आणि महिनाभर पेपरात दुसरी बातमी नव्हती. त्याआधी आमच्या अम्मीला 'एमडी' म्हणजे डॉक्टरची पदवी एवढंच माहीत होतं. आता मोहल्ल्यातल्या लहान पोरांनाही दुसरा अर्थ माहीत आहे. पण मला आज कारखाने आणि टोळ्यांबद्दल बोलायचं नाही. मला पदवीवाल्या एमडीबद्दलच बोलायचंय. जो आपल्याला गोळी लिहून देतो, तो स्वतः कुठली गोळी घेऊन झोपतो, याबद्दल.

माझ्या खालाचा मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी त्याला भाईजान म्हणतो, इथेही तेच म्हणेन. आमच्या खानदानातला तो पहिला डॉक्टर. ॲडमिशन झाली तेव्हा खालूंनी जुन्या नाशिकच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरी मिठाई वाटली होती. एमबीबीएसनंतर त्याला भूलशास्त्राला प्रवेश मिळाला. कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात, ते सोडून देऊ.

दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्याचा फोन आला. "अरे, आमच्या ड्युटीचं एक्सेल शीट बनवून दे. कागदावर नुसता गोंधळ चाललाय, अदलाबदल करताना भांडणं होतात." मी एका रविवारी बसून बनवून दिलं. शेवटच्या रकान्यात सहज एक फॉर्म्युला टाकला, प्रत्येकाचे आठवड्याचे तास मोजणारा. भाईजानने चार आठवड्यांची माहिती भरून पाठवली. त्याच्या नावापुढे एका आठवड्याला १०४ तास आले. आठवड्याचे एकूण तास १६८. मी त्याला फोन केला, "भाईजान, फॉर्म्युला चुकलाय, दुरुस्त करून देतो." तो म्हणाला, "नाही रे, बरोबर आहे. उलट तो आठवडा जरा हलका होता."

मी हसलो. तोही हसला. फोन ठेवला.

आमच्या धंद्यात एखादा सर्व्हर सलग काही मिनिटं पंचाण्णव टक्क्यांवर चालला की अलार्म वाजतो. रात्री तीन वाजता माणसाला उठवतात, कारण ते मशीन बसेल. इथे माझा भाऊ महिनोन्‌महिने तसा चालला होता, आकडा माझ्या स्क्रीनवर लाल रंगात दिसत होता आणि मी त्यावर विनोद केला. ही माझी चूक. ती आधी कबूल करतो आणि पुढे जातो.

वर्षभराने खालाचा फोन आला. भाईजान ऑपरेशन थिएटरच्या कपडे बदलायच्या खोलीत बेशुद्ध सापडला होता. वेळेवर कुणीतरी दार उघडलं म्हणून वाचला. त्याला नाशिकला आणलं. पाहुण्यांना काय सांगायचं? खालूंनी ठरवलं, टायफॉइड. मग आमच्या घरी आठ महिने टायफॉइड होता. लोक डाळिंबं घेऊन यायचे. कुणी तावीज आणला. एका चाचींनी तर "कसला हट्टी टायफॉइड आहे" म्हणून दुसऱ्या डॉक्टरचा नंबरही दिला. आतल्या खोलीत भाईजान घामाने भिजलेला, थरथरत पडलेला असायचा. आणि बाहेर आम्ही सगळे डाळिंब सोलत बसलेले.

नंतर त्याने मला क्रम सांगितला. सलग तीस-बत्तीस तासांच्या ड्युटीवरून खोलीवर आल्यावर त्याला झोपच यायची नाही. शरीर थकलेलं, डोकं चालू. म्हणून अल्प्राझोलमची अर्धी गोळी. मग एक. मग दोन. सकाळी उठवण्यासाठी चहावर चहा. मग डोकेदुखीसाठी पेंटाझोसिनचं इंजेक्शन. आणि शेवटी थिएटरमध्ये पेशंटसाठी काढलेल्या औषधातलं उरलेलं. "मी मजेसाठी एकदाही घेतलं नाही," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी मी ड्युटीवर उभं राहता यावं म्हणूनच घेतलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. व्यसन म्हटलं की आपल्याला पार्टी दिसते, वाईट संगत दिसते. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या बाबतीत ते पुष्कळदा कामातूनच सुरू होतं. त्याला तीन गोष्टी मदत करतात. एक, औषध हाताशी असतं. दोन, त्या औषधाची माहिती असते, त्यामुळे "मला डोस कळतो, मला काही होणार नाही" असा भ्रम होतो. पण मेंदू पदवी बघत नाही. तीन, आजारी पडायची परवानगी नसते. शिक्षक आजारी पडला तर रजा. डॉक्टर आजारी पडला तर "तूच असा पडलास तर पेशंटनी कुणाकडे बघायचं?"

ही आजची गोष्ट नाही. विल्यम हॉलस्टेड हे नाव सर्जरी शिकणाऱ्यांना माहीत असेल. ऑपरेशनमध्ये रबरी हातमोजे वापरायची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १८८४ मध्ये कोकेनने शरीराचा भाग बधिर करता येतो हे समोर आलं आणि न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. त्यातून त्यांना कोकेनचं व्यसन लागलं. उपचारासाठी दाखल केलं तिथे कोकेनऐवजी मॉर्फिन दिलं गेलं आणि मग मॉर्फिन जडलं. पुढे हाच माणूस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात सर्जरीचा पहिला प्राध्यापक झाला. तरुण डॉक्टरांनी हॉस्पिटलातच राहायचं, वर्षानुवर्षं रात्रंदिवस काम करत शिकायचं, ही 'रेसिडेन्सी'ची पद्धत त्यांनी तिथे बसवली. आपल्याकडे आपण आजही 'रेसिडेंट डॉक्टर' म्हणतो, त्याचं मूळ तिथे आहे.

हॉलस्टेड १९२२ मध्ये वारले. त्यांचं मॉर्फिन नंतरही चालूच होतं, हे त्यांचे सहकारी डॉ. ऑस्लर यांनी एका गुप्त टिपणात लिहून ठेवलं होतं. ते टिपण उघडलं गेलं १९६९ मध्ये. म्हणजे त्यांचा 'टायफॉइड' मृत्यूनंतरही सत्तेचाळीस वर्षं चालला. आता विचार करा. ज्याने तरुण डॉक्टरांच्या कामाचे तास आखले, तो स्वतः औषधाच्या आधारावर उभा होता. तो आराखडा आपण उचलला, त्यामागची गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तासांचे नियम नाहीत का? आहेत. १९९२ मध्ये केंद्र सरकारने रेसिडेन्सी योजनेचे निर्देश काढले. त्यात सलग ड्युटी सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी आणि कनिष्ठ रेसिडेंटने आठवड्याला साधारण ४८ तास काम करावं, असं म्हटलं आहे. माझ्या एक्सेल शीटमधला १०४ हा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमावलीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर आकडाच दिला नाही, 'वाजवी तास' एवढंच ठेवलं. वाजवी म्हणजे किती? हे ज्याच्या हातात ड्युटीचा तक्ता, तो ठरवणार. आमच्या भाषेत याला अट न लिहिलेला प्रोग्राम म्हणतात. तो चालतच राहतो, मशीन बंद पडेपर्यंत.

२०२४ मध्ये याच आयोगाच्या एका कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. बंगळुरूच्या निम्हान्समधले डॉ. सुरेश बडा मठ त्याचे अध्यक्ष होते. ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीचे आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. दहातले तीन. कृतिदलाने शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुटी हवी आणि रोज सात-आठ तास झोप हवी. एखाद्या समितीला 'डॉक्टरांनी झोपावं' असं लेखी सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

हे आपल्या शहराच्या दाराशी आहे. दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ मध्ये स्थापन झालेलं. अभिमत विद्यापीठं वगळली तर राज्यातल्या ॲलोपथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपथी, डेंटल, नर्सिंग अशा कॉलेजांच्या पदव्या इथून निघतात. आपल्यातली कितीतरी मुलं-मुली बीयूएमएस करतात, नर्सिंगला जातात. तेव्हा हा 'मोठ्या लोकांचा' प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

ताण नेहमी एकट्या तासांचा नसतो. डॉ. पायल तडवी हे नाव आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जळगावची मुलगी, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासी आणि मुसलमान दोन्ही. मुंबईच्या नायर हॉस्पिटलात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवलं. वय २६. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, तो खटला न्यायालयात आहे. घरच्यांचं म्हणणं आहे की त्यांनी आधीच वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. तिची आई आबेदा तडवी, रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेली, कॉलेजांतला जातिभेद थांबावा म्हणून. पायलच्या गोष्टीत नशा नाही. पण बंद दार आहे. माणूस आत गुदमरतोय हे कळूनही न उघडलेलं दार. माझ्या भावाचंही तेच झालं, फक्त त्याचं दार वेळेवर कुणीतरी उघडलं.

आणि नाशिककर म्हणून आणखी एक दिवस आठवा. २१ एप्रिल २०२१. रमजानचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. कथड्यातल्या डॉ. झाकिर हुसेन हॉस्पिटलच्या आवारात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्यात आपल्या ओळखीतले, आपल्या गल्लीतले लोक होते. त्यांच्या घरच्यांचं दुःख मोठं आहे, त्याच्याशी कशाचीच तुलना नको. पण त्या वॉर्डात नर्स होत्या, वॉर्डबॉय होते, शिकाऊ डॉक्टर होते. डोळ्यांसमोर माणसं जाताना बघून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर आले. त्याच्या वर्षभर आधी आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना "रात्री झोप लागते का?" असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी नाही विचारलं.

आता जरा मालेगावकडे वळतो, कारण तिथे या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. 'कुत्ता गोळी' हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत तो दर काही महिन्यांनी येतो. ती गोळी काय आहे? अल्प्राझोलम. तेच औषध, जे भाईजान खोलीवर अर्धी गोळी म्हणून घेत होता. पॉवरलूमवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराच्या खिशात सापडलं की तिचं नाव कुत्ता गोळी. डॉक्टरच्या बॅगेत असली की तिचं नाव औषध. कायद्याने ती एच-वन वर्गात मोडते. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. रजिस्टर दोघांनीही चुकवलं, लूमवाल्यानेही आणि डॉक्टरनेही.

दोघांची सुरुवातही सारखीच. शरीराला झेपत नाही एवढं काम. पुढे एकाच्या वाट्याला पोलीस येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला टायफॉइड. एकाची बदनामी होते, दुसऱ्याची लपवाछपवी. उपचार मात्र दोघांनाही मिळत नाहीत. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आपल्या समाजात ही लपवाछपवी जास्त पक्की आहे, याची दोन कारणं मला दिसतात.

पहिलं, आपल्याकडे डॉक्टर झालेला मुलगा किंवा मुलगी एकट्याची नसते. ती सगळ्या खानदानाची कमाई असते. अब्बूंनी दुकान गहाण टाकलेलं असतं, आपाचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललेलं असतं. असा मुलगा फोन करून "मला झेपत नाहीये" म्हणूच शकत नाही. आणि डॉक्टर मुलगी नाइट करून घरी आली की तिला थेट ओट्याशी उभं राहावं लागतं, हेही इथल्या मुलांनी ऐकून घ्यावं.

दुसरं कारण, हराम हा शब्द. मी हरामला हलाल करायला आलेलो नाही. नशा वाईटच. पण तो शब्द आपण कसा वापरतो बघा. दारूला लावतो आणि तिथेच थांबतो. गोळी, सिरप, इंजेक्शन हे 'औषध' म्हणून सुटून जातं. आणि एकदा कुणी अडकला की तोच शब्द त्याच्या तोंडावर फेकतो, म्हणजे तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. दारूबंदीचा हुकूम टप्प्याटप्प्याने आला, हे आपण लहानपणीच शिकलो. माणसाला सुटायला वेळ लागतो, हे त्यात गृहीत आहे. दुसऱ्याचा ऐब झाका, हेही आपल्याला शिकवलंय. पण ऐब झाकणं म्हणजे माणसाची इज्जत सांभाळणं. आम्ही आजार झाकला आणि त्यालाच इज्जत समजलो.

मग करायचं काय? आधी हे जाणून घ्या की हा आजार बरा होऊ शकतो, डॉक्टरांचासुद्धा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. दोन संस्थापकांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, सर्जन होते आणि स्वतः दारूत बुडालेले होते. आज त्या बैठका महाराष्ट्रातही अनेक शहरांत भरतात. अमेरिकेत डॉक्टरांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत. गुपचूप उपचार, वर्षानुवर्षं तपासणी आणि नियम पाळले तर परवाना शाबूत. सोळा राज्यांतल्या अशा ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातले ७८ टक्क्यांहून जास्त डॉक्टर पाच वर्षांनंतर परवान्यासह काम करत होते. ब्रिटनमध्येही २००८ पासून डॉक्टरांसाठी गोपनीय सेवा आहे. आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दोन डॉक्टरांनीच १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं. व्यसनी माणसाकडे पेशंट म्हणून बघायचं, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणूस स्वतःहून आला तर त्याला दार उघडं. आमच्याकडे सॉफ्टवेअर कोसळलं की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिचा एक नियम असतो, "कुणामुळे झालं" हे विचारायचं नाही, "कशामुळे झालं" ते विचारायचं. कारण माणूस घाबरला की माहिती लपवतो आणि माहिती लपली की तेच मशीन पुन्हा कोसळतं. हॉस्पिटलांनी एवढं शिकलं तरी खूप झालं. पेशंटची सुरक्षितताही त्यातच आहे. लपून घेणारा डॉक्टर थिएटरमध्ये उभा असतो, उपचार घेणारा डॉक्टर रजेवर असतो.

आता तुमच्यासाठी काही साध्या गोष्टी.

स्वतःसाठी कधीही चिठ्ठी लिहू नका. तुमचा एक डॉक्टर असू द्या, जो तुम्ही नाही. मित्राकडूनही "जरा लिहून दे ना" असं करून घेऊ नका.

तुमच्या तासांची नोंद ठेवा. कागदावर, फोनमध्ये, कुठेही. हवं तर माझं एक्सेल शीट देतो. लिहिलेला आकडा संघटनेपुढे, प्रशासनापुढे ठेवता येतो.

झोपेची किंवा भीतीची गोळी, आणि दारूसुद्धा, बरेच दिवस चालू असेल तर एका दिवसात बंद करू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे रमजानचा चांद दिसला की काही जण पहिल्या रोजापासून तौबा करतात. नियत चांगली आहे, पण महिना-दोन महिने आधी डॉक्टरला भेटा, तो हळूहळू कमी करून देईल.

कायदा समजून घ्या. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊही शकतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी संबंधित त्रास मानसिक आजारात धरले आहेत, म्हणजे गोपनीयतेचा हक्क तुम्हालाही आहे.

फोनमध्ये १४४१६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा. टेली-मानस. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते. स्वतःसाठी नको वाटत असेल तर मित्रासाठी म्हणून सेव्ह करा.

आणि तुमच्यातले जे माझ्यासारखे आहेत, म्हणजे डॉक्टर नाहीत पण ज्यांच्या घरात डॉक्टर किंवा नर्स आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एक प्रश्न विचारा. "पगार किती" नको, "क्लिनिक कधी टाकतोस" नको. "शेवटचा सलग आठ तास कधी झोपलास?" एवढंच विचारा. आणि उत्तर ऐकून हसू नका.

भाईजानचं काय झालं, हे सांगून थांबतो. आठव्या महिन्यात खालानेच टायफॉइड संपवला. त्या चाची पुन्हा आल्या, पुन्हा नंबर देऊ लागल्या, तेव्हा खाला म्हणाली, "टायफॉइड नाही. माझ्या मुलाला औषधाची सवय लागलीये, त्यावर इलाज करायचाय." घरात सन्नाटा. खालू उठून बाहेर गेले. चाची थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला पण आहे. दारूची. कुणाला सांगू?"

दोघं एकाच आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रात गेले. चाचींचा मुलगा मध्येच सोडून आला, परत गेला, अजून झगडतोय. भाईजानही एकदा घसरला, चौदाव्या महिन्यात. त्या वेळी त्याने स्वतः फोन केला, मला. पहाटे चार वाजता. मी ऑन-कॉलवर नव्हतो, पण उचलला. भूलशास्त्र त्याने सोडलं. आज तो एका छोट्या गावात ओपीडी चालवतो. त्या वर्गातली एकही गोळी क्लिनिकमध्ये ठेवत नाही, आठवड्याला बैठकीला जातो आणि दर काही महिन्यांनी स्वतःहून तपासणी करून घेतो. रात्री अकराला झोपतो. खालू मात्र अजूनही कुणी विचारलं तर टायफॉइडच सांगतात. त्यांनाही थोडा वेळ देऊ या.